स्थलांतरित गटांच्या रोजगार दराची तुलना: आधी छेद, मग अंश

‘भारतात जन्मलेले इतके टक्के नोकरीत, सोमालियात जन्मलेले तितके टक्के’ असा तक्ता करायला एक दुपार पुरते. दोन फाइली जोडायच्या, जन्मदेशानुसार मोजायचं, भागाकार करायचा, झालं. पुढचे कित्येक महिने मग तो तक्ता कुठे चुकला हे शोधण्यात जातात. बहुतेक जण चूक शोधतात ती ‘नोकरीत कोण’ या प्रश्नात. ती सापडते भागाकाराच्या रेघेखाली: कुणातले इतके टक्के?

हा लेख स्वीडनच्या नोंदींबद्दल आहे. एक तर तिथल्या नोंदवह्या माणसागणिक जोडता येतात. दुसरं म्हणजे स्टॉकहोम, लुंड, गोटेनबर्गला शिकायला किंवा संशोधनाला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या हाती हाच डेटा पडतो आणि तेच तेच खड्डे लागतात. डेन्मार्क किंवा नॉर्वेच्या नोंदींवर काम करत असाल तर नावं बदलतील, पायऱ्यांचा क्रम बदलणार नाही.

## पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

संगणकाला हात लावण्याआधी कागदावर असं एक वाक्य लिहा:

‘३१ डिसेंबर २०२२ रोजी स्वीडनमध्ये रहिवासी म्हणून नोंद असलेल्या, २५ ते ५९ वयाच्या, येऊन पाच ते नऊ वर्षं झालेल्या, अमुक देशात जन्मलेल्या स्त्रियांपैकी किती जणींना त्या वर्षीच्या नोव्हेंबरात काम होतं?’

यातला प्रत्येक तुकडा हा एक निर्णय आहे: तारीख, नोंद, वय, मुक्काम, जन्मदेश, लिंग, कामाची व्याख्या. एकही तुकडा मोकळा सोडलात तर तो निर्णय तुमच्या वतीने फाइल घेते, आणि फाइल तुम्हाला सांगत नाही.

इथेच एक गोंधळ मिटवून टाका. रोजगार दर वेगळा आणि श्रमशक्ती सहभाग दर वेगळा. सहभाग दरात काम शोधणारेही धरतात. सरकारी नोंदींना पगार दिसतो, भत्ता दिसतो, रोजगार कार्यालयात नाव घातलेलंही दिसतं. पण ‘गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का, मिळालं तर लगेच रुजू व्हाल का’ हे माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. ते काम श्रमशक्ती पाहणीचं. त्यामुळे नोंदींवरून काढलेल्या आकड्याला रोजगार दर म्हणा. रोजगार कार्यालयातली नावं मिळवून त्याचा ‘सहभाग दर’ बनवू नका. भत्ता मिळवायला नाव घालावं लागतं, ज्याला भत्त्याचा हक्कच नाही तो कशाला घालेल? आणि हा हक्क गटागटांत वेगळा असतो.

ताळा: लिहिलेलं वाक्य या विषयाशी संबंध नसलेल्या मित्राला वाचायला द्या. त्याने ‘म्हणजे कोण धरले?’ असं विचारलं तर वाक्य अपुरं आहे.

## पायरी २: परवानगी आणि डेटा

ही पायरी वेळखाऊ आहे, अवघड नाही. माणसागणिक डेटा हवा असेल तर आधी एतिकप्रोव्निंग्समिन्दिग्हेतेन, म्हणजे संशोधनाच्या नैतिक परवानगीचं सरकारी कार्यालय, मग एससीबी, म्हणजे स्वीडनचं सांख्यिकी कार्यालय. एससीबी आपल्या बाजूने गोपनीयतेची छाननी करतं आणि फाइली ‘मोना’ नावाच्या दूरस्थ यंत्रणेत ठेवतं. तुम्ही तिथे लॉग इन करून काम करता. बाहेर येतात ते फक्त तक्ते. खऱ्या ओळख क्रमांकाच्या जागी एक अनुक्रमांक असतो.

अर्ज करतानाच पुढचे कॉलम मागून ठेवा, नंतर मागायला गेलात की रांगेत पुन्हा पहिल्यापासून: आईवडिलांचा जन्मदेश, सगळ्या आगमन-निर्गमनांच्या तारखा, निवास परवान्याचं कारण, कुटुंबाचं उत्पन्न, पालकत्व भत्ता, स्वतःच्या व्यवसायाचं उत्पन्न. लोक ‘लिसा’ मागतात आणि थांबतात. लिसा ही १९९० पासूनची वार्षिक जोडफाइल उत्तम आहे. पण परवान्याचं कारण हवं असेल तर ‘स्ताटिव’ ही एससीबीची स्थलांतरितांच्या अभ्यासासाठीची जोडफाइलही लागते.

सावध: दिवाळीला पुण्याला गेल्यावर तिथून काम करू असं धरून बसू नका. देशाबाहेरून मोनात शिरण्याचे नियम कडक आहेत. तिकीट काढण्याआधी विचारा.

माणसागणिक डेटा मिळणार नसेल तर एससीबीचे जाहीर तक्ते फुकट आहेत. पुढच्या पायऱ्या त्यांनाही लागू आहेत. फक्त दुरुस्त्या स्वतः करता येणार नाहीत. अशा वेळी त्या का करता आल्या नाहीत हे लिहावं.

## पायरी ३: छेद बांधा

इथे घाई करू नका. माझ्या हातून झालेल्या निम्म्याहून जास्त चुका याच पायरीवरच्या आहेत.

### ३.१ नोंदीत कोण येतं

स्वीडनमध्ये किमान वर्षभर राहणार असलेल्या माणसाची कर कार्यालयात, म्हणजे स्काटेवेर्केटमध्ये, रहिवासी म्हणून नोंद होते आणि त्याला ओळख क्रमांक मिळतो. लिसासारख्या फाइलीत येतात ते ३१ डिसेंबरला अशी नोंद असलेले.

मग बाहेर कोण राहतं? आश्रय मागितलेला पण अजून परवाना न मिळालेला माणूस. हंगामी मजूर. परदेशी कंपनीने काही महिन्यांसाठी पाठवलेला बांधकाम कामगार. यांतल्या अनेकांकडे ‘समन्वय क्रमांक’ असतो, आणि तो दिसतो अगदी ओळख क्रमांकासारखा. फरक दिवसाच्या आकड्यात: जन्मतारखेच्या दिवसात ६० मिळवलेले असतात. १५ जून १९८५ ला जन्मलेल्याचा क्रमांक ८५०६१५ ने सुरू व्हायच्या ऐवजी ८५०६७५ ने सुरू होतो. (मोनात अनुक्रमांकच दिसतो, म्हणून क्रमांकाचा प्रकार सांगणारा कॉलम वेगळा मागावा लागतो.)

याचा भागाकाराशी संबंध असा. पगाराच्या फाइलीत समन्वय क्रमांकवालेही असतात, लोकसंख्येच्या फाइलीत नसतात. काम करणारे एका फाइलीतून आणि माणसं दुसऱ्या फाइलीतून वेगवेगळी मोजून भागाकार केलात, तर पोलंड, रुमानिया, लिथुआनियाच्या लोकांचा दर फुगतो. कधी शंभराच्या वरही जातो. शंभराच्या वर गेला तर नशीब म्हणायचं, निदान चूक दिसते. ९१ वर थांबला तर छापून येते.

नियम: लोकसंख्येच्या फाइलीपासून सुरुवात करा आणि पगाराची फाइल तिला जोडा. उलट कधीच नाही.

आणखी एक बारकावा: काही जणांना आधी समन्वय क्रमांक आणि नंतर ओळख क्रमांक मिळतो. दोन्हींचा दुवा नसेल तर त्या माणसाची पहिली कमाई हरवते आणि पहिली नोकरी उशिरा लागली असं दिसतं.

### ३.२ नोंदीत आहे, पण देशात नाही

स्टॉकहोमला चार वर्षं काम करून पुण्याला परतलेला इंजिनिअर घराची किल्ली परत करतो, बँकेचं बघतो, सायकल विकतो आणि देश सोडल्याचं कर कार्यालयाला कळवायला विसरतो. कागदोपत्री तो अजून स्टॉकहोमात राहतो. पगार शून्य. तुमच्या तक्त्यात तो एक ‘बेरोजगार भारतीय’.

स्वीडिश सांख्यिकीत याला अतिव्याप्ती म्हणतात, आणि परदेशात जन्मलेल्यांमध्ये ती देशात जन्मलेल्यांपेक्षा जास्त असते, हे उघडच आहे. ती सगळ्या स्थलांतरित गटांत सारखी मात्र नसते. कामासाठी आलेले परत जातात. निर्वासित सहसा जात नाहीत, जाणार कुठे? म्हणजे दुरुस्ती न करता तुलना केली तर ज्या गटाचे लोक जास्त फिरते, त्याचा दर जास्त दबतो.

दुरुस्ती अशी: वर्षभरात ज्याची कसलीच खूण नाही, म्हणजे पगार नाही, भत्ता नाही, पेन्शन नाही, शिक्षणाची मदत नाही, त्याला ‘बहुधा देशात नाही’ असं धरून वगळायचं. आता यातला सापळा बघा. नवऱ्याबरोबर आलेली, घरी असलेली, मूल नसलेली बाई. तिच्या नावावर कसलीच खूण नसते, पण ती देशात आहे, रोज भाजी आणते आहे. फक्त स्वतःचं उत्पन्न बघून शून्यवाले वगळलेत तर नेमक्या घरी बसलेल्या बायका छेदातून जातात आणि त्या गटातल्या स्त्रियांचा रोजगार दर एका रात्रीत सुधारतो. म्हणून माणसाचं नव्हे, कुटुंबाचं उत्पन्न शून्य आहे का ते बघायचं.

ताळा: दर दोन्ही प्रकारे काढा, दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर. गटांचा क्रम बदलला तर दोन्ही आकडे छापा. न बदलल्यास एक छापून दुसऱ्याबद्दल एक ओळ लिहा.

### ३.३ डिसेंबरात उतरलेला माणूस

रोजगार नोव्हेंबरचा आणि लोकसंख्या ३१ डिसेंबरची असेल, तर १० डिसेंबरला नोंद झालेला माणूस छेदात आला, पण अंशात यायची त्याला संधीच नव्हती. ज्या वर्षी एखाद्या देशातून लोंढा येतो त्या वर्षी याचा फटका मोठा बसतो. उपाय सोपा: आदल्या आणि चालू, दोन्ही वर्षांच्या ३१ डिसेंबरला नोंद असलेलेच धरा.

वयाचंही इथेच ठरवून टाका. जाहीर तक्त्यांत २० ते ६४ किंवा १५ ते ७४ असे पट्टे दिसतात. तुलनेसाठी मी २५ ते ५९ घेतो: खालून विद्यार्थी गळतात, वरून लवकर निवृत्त होणारे.

## पायरी ४: गट पाडा

‘युरोपबाहेरचे’ हा गट नाही, ही टोपली आहे. तिच्यात बंगळूरहून आलेला प्रोग्रॅमरही आहे आणि मोगादिशूहून आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली आजीही. दोघांची सरासरी कुणाचीच नसते.

जन्मदेश घेतला तरी काम संपत नाही. स्वीडनच्या नोंदीत वंश किंवा धर्म लिहीत नाहीत. तुर्कस्तानात जन्मलेल्यांत तुर्क, कुर्द, सिरियाक ख्रिस्ती सगळे एकाच कोडखाली येतात. युगोस्लाव्हिया फुटण्याआधी आलेल्यांचा जन्मदेश युगोस्लाव्हियाच राहिलेला सापडतो, नंतर आलेल्यांचा बोस्निया किंवा क्रोएशिया. ‘बोस्नियात जन्मलेले’ म्हटलं की मुख्यतः युद्धातून आलेले लोक हाती येतात, साठच्या दशकात कारखान्यांत कामाला आलेले येत नाहीत.

भारताचं उदाहरण जवळून बघू, कारण तिथे मी स्वतः तोंडघशी पडलो. भारतात जन्मलेल्या स्त्रियांचा पहिला तक्ता केला तेव्हा चाळिशीतल्या बायकांचा रोजगार दर तिशीतल्यांपेक्षा चांगलाच वर आला. ‘इथे रुळल्या की आपल्या बायका कामाला लागतात’ असं वाक्यही लिहून ठेवलं होतं, आणि मनातून बरं वाटलं होतं. मग कच्च्या ओळी उघडल्या. जन्मवर्ष १९७९, जन्मदेश भारत, आगमन १९८०, आईचा जन्मदेश स्वीडन, वडिलांचा जन्मदेश स्वीडन. खाली तशीच आणखी एक. त्याखाली आणखी एक.

दत्तक गेलेली मुलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतातून हजारो बाळं स्वीडिश घरांत गेली. नोंदीत ती ‘परदेशात जन्मलेली’. भाषा, शाळा, आडनाव सगळं स्वीडिश. मी रुळण्याचा अभ्यास करत होतो, आणि त्या ओळींमध्ये रुळायचं कुणालाच नव्हतं. कोरियाच्या गटातही हेच होतं.

यांना वेगळं काढायचं तर आईवडिलांचा जन्मदेश आणि येतानाचं वय लागतं: दोन्ही पालक स्वीडनमध्ये जन्मलेले आणि येताना वय अगदी कमी. पालकांचा दुवा बहुपिढी नोंदवहीतून मिळतो. १९३२ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेले आणि १९६१ पासून कधी तरी नोंद झालेले लोक तिच्यात आहेत.

उलट दिशेनेही बघा. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर तिथले काही गुजराती स्वीडनला आले. त्यांचा जन्मदेश युगांडा. ‘भारतीय’ शोधताना ते सापडणार नाहीत, आणि ‘आफ्रिकेतले’ मोजताना नको असताना येतील.

आता येण्याचं कारण. हे शक्य असेल तिथे धराच: काम, आश्रय, शिक्षण, कुटुंब. कुटुंबाच्या रकान्यात पुन्हा दोन भाग पाडा, निर्वासिताच्या मागून आलेली बायको आणि वर्क परमिटवाल्याबरोबर आलेली बायको. दोघींचा परवाना ‘नातेवाईक’ म्हणूनच असतो, पण घरातली परिस्थिती, सुरुवातीला मिळणारी मदत, काम शोधायची निकड सगळं निराळं. युरोपीय संघाच्या नागरिकांना परवानाच लागत नाही, त्यामुळे त्यांच्याबाबतीत कारणाचा रकाना फारसं काही सांगत नाही.

सावध: स्वीडनमध्ये जन्मलेल्या, पण आईवडील परदेशात जन्मलेल्या मुलांना ‘स्थलांतरित’ गटात घालू नका. ते कुठून आलेलेच नाहीत. ‘परदेशी पार्श्वभूमी’ या सरकारी वर्गात दोन्ही एकत्र असतात, म्हणून शीर्षक नीट वाचा.

## पायरी ५: अंश, म्हणजे ‘काम आहे’ कुणाला म्हणायचं

तयार कॉलम वापरायचा की स्वतःची रेघ ओढायची, हे आधी ठरवा.

तयार कॉलम म्हणजे ‘राम्स’ या एससीबीच्या, नोंदींवरून काढलेल्या जुन्या आकडेवारीतली नोव्हेंबरची रोजगार स्थिती. ती थेट कामाचे तास बघत नाही. उत्पन्नाच्या रेषेवरून अंदाज बांधते, आणि ती रेषा श्रमशक्ती पाहणीशी जुळवून घेतलेली असते. पद्धत बदलली की कॉलमचं नाव बदलतं: सिसस्टाट, सिसस्टाट ११, सिसस्टाट १९. वेगवेगळ्या नावांचे कॉलम एकाखाली एक चिकटवून सलग आलेख काढणं ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी चूक असेल. २०१९ पासून सर्व मालकांना दर महिन्याला प्रत्येक कामगाराचा पगार कर कार्यालयाला स्वतंत्रपणे कळवावा लागतो. त्यावर उभी असलेली ‘बास’ ही मासिक आकडेवारी आता राम्सच्या जागी आली आहे. बास आणि राम्सचे आकडे एका रेषेत जोडू नका. सांधा दाखवून दोन रेषा काढा.

स्वतःची रेघ ओढणारे सहसा किंमत आधार रकमेचा (महागाईनुसार दर वर्षी ठरणाऱ्या सरकारी रकमेचा) काही भाग घेतात, उदाहरणार्थ वर्षाला तिच्या निम्म्याहून जास्त पगार. ही रक्कम २०२२ मध्ये ४८,३०० क्रोनर होती, २०२३ मध्ये ५२,५००, २०२४ मध्ये ५७,३००. महागाईच्या या वर्षांत रेघ पगारांपेक्षा वेगाने वर गेली. थोडे तास काम करणारी सफाई कामगार पूर्वीइतकंच काम करून रेघेखाली येऊ शकते. म्हणून कमीत कमी दोन उंचीच्या रेघा वापरून बघा.

अंशात कोण निसटतं, ते गटागणिक बघायचं:

दुकानदार. स्वतःच्या नावावर पिझ्झेरिया किंवा टॅक्सी चालवणारा मालक स्वतःला महिन्याला पगार दिल्याचं कळवत नाही; त्याचा हिशोब वर्षअखेरच्या विवरणपत्रात येतो. फक्त मासिक पगाराची फाइल बघितलीत तर तो कामाला नाहीच. वर्षाचा नफा शून्याच्या आसपास दाखवला असेल तर वार्षिक रेघेखालीही जातो, रोज चौदा तास भट्टीपुढे उभा असला तरी. ज्या गटांत असे छोटे धंदे जास्त, त्यांचा दर जास्त पडतो. व्यवसायाचं उत्पन्न शून्य किंवा तोट्यातलं असलं तरी ‘व्यवसाय चालू’ ही खूण धरायची का, ते ठरवून लिहा.

बाळंतीण. स्वीडनमध्ये एका मुलामागे दोन्ही पालकांना मिळून ४८० दिवसांचा पालकत्व भत्ता असतो. ऑगस्टमध्ये बाळंत झालेल्या नर्सला नोव्हेंबरात मालकाकडून पगार येत नाही. पैसे विमा कार्यालयाकडून येतात. पाहणीत विचारलं तर ती ‘नोकरी आहे, रजेवर आहे’ म्हणेल. तुमच्या पगारावर बेतलेल्या मोजमापात तिला काम नाही. लहान मुलं जास्त असलेल्या गटातल्या स्त्रिया याने खाली जातात. पण भत्ता मिळतो म्हणजे नोकरी आहे असंही नाही. मूळ पातळीचा भत्ता नोकरी नसलेल्यांनाही मिळतो. बाळंतपणाआधीच्या वर्षात पगार होता का, हे बघून ठरवा.

पूल ओलांडणारे. माल्मोत राहून कोपनहेगनला काम करणारा. २००० साली ओरेसुंड पूल झाल्यापासून हे रोजचं आहे. पगार डेन्मार्कमध्ये, कर बहुतेक तिकडेच, स्वीडिश पगार फाइलीत शून्य. दक्षिण स्वीडनवर काम करत असाल तर सीमापार नोकरीची नोंद तुमच्या वर्षात फाइलीत घातली आहे की नाही, हे एससीबीकडून लेखी विचारून घ्या. नसेल तर माल्मो ज्यात येतं तो स्कोने प्रांत वगळून एकदा गणित करून बघा.

अनुदानावरच्या नोकऱ्या अंशातून काढू नका, त्या नोकऱ्याच आहेत. फक्त वेगळ्या दाखवा.

## पायरी ६: येऊन किती वर्षं झाली

दोन गटांच्या दरातली मोठी तफावत पुष्कळदा इथेच विरघळते. येऊन दोन वर्षं झालेले आणि वीस वर्षं झालेले यांची तुलना देशांची नसते, घड्याळाची असते. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये सुमारे १ लाख ६३ हजार लोकांनी आश्रय मागितला. त्यानंतरच्या कुठल्याही वर्षाच्या एकत्रित तक्त्यात सिरिया आणि अफगाणिस्तानच्या ओळींत नवखे भरलेले आहेत, चिलीच्या ओळीत पिनोशेच्या हुकूमशाहीच्या काळात आलेले.

घड्याळ कधी सुरू होतं? नोंदीत, रहिवासी नोंद झाली त्या दिवशी. आश्रय मागणारा त्याआधी वर्ष-दोन वर्षं छावणीत थांबलेला असू शकतो, थोडी भाषा शिकलेला, कधी काम केलेला. वर्क परमिटवाला विमानतळावर उतरला की थोड्याच दिवसांत नोंदीत येतो. दोघांचं ‘पहिलं वर्ष’ एक नव्हे. अर्जाची तारीख मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर पहिल्या एक-दोन वर्षांची तुलना करू नका.

आगमनाचे कॉलम दोन असतात, पहिलं आणि शेवटचं. आपल्या आयटीवाल्यांत दोन वर्षं गोटेनबर्ग, दोन वर्षं हिंजवडी, पुन्हा गोटेनबर्ग हे सर्रास चालतं. शेवटचं आगमन धरलं तर तो नवखा ठरतो. मी पहिलं धरतो आणि मधली बाहेरची वर्षं वजा करतो.

सावध: जे टिकले त्यांनाच मोजू नका. वर्क परमिटवर आलेल्याची नोकरी गेली की ठराविक मुदतीत दुसरी मिळवावी लागते, नाही तर देश सोडावा लागतो. दहा वर्षांनी जे उरतात ते नोकरी टिकलेले. ‘कामगार स्थलांतरितांचा रोजगार दर वर्षागणिक वाढतो’ या निष्कर्षात गेलेले लोक लपलेले असतात. एका वर्षी आलेल्यांची तुकडी धरा, तिला पुढे नेत राहा, आणि दर वर्षी तीन भाग दाखवा: कामात, बिनकामाचे, देश सोडून गेलेले.

## पायरी ७: वय समान करून तुलना करा

नमुन्यादाखल कल्पित आकडे घेऊ. गट क मध्ये १,००० माणसं: २५ ते ३९ वयाची ८००, त्यांतली ६०० कामात (७५ टक्के), ४० ते ५९ ची २००, त्यांतली १०० कामात (५० टक्के). एकूण ७०० कामात, दर ७० टक्के.

गट ख मध्येही १,०००: २५ ते ३९ ची ३००, त्यांतली २३४ कामात (७८ टक्के), ४० ते ५९ ची ७००, त्यांतली ३७८ कामात (५४ टक्के). एकूण ६१२, दर ६१.२ टक्के.

एकूण आकडा बघा: क पुढे, जवळजवळ नऊ टक्के बिंदूंनी. वयोगट बघा: दोन्हींत ख पुढे. आता दोघांना एकच वयरचना द्या, समजा निम्मे-निम्मे. क चा दर (७५ + ५०) ÷ २ = ६२.५, ख चा (७८ + ५४) ÷ २ = ६६. क्रम उलटला. एकही माणूस नोकरीला लागला नाही की सुटला नाही.

खऱ्या कामात पाच-पाच वर्षांचे वयोगट घ्या आणि प्रमाण म्हणून देशाची एकूण वयरचना वापरा. स्त्री-पुरुष वेगळे काढा. एकत्र दर देण्याचं चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही.

यापुढे मोह होतो तो सगळंच समान करून टाकण्याचा: शिक्षण, भाषा, शहर, व्यवसाय. थांबा. येण्याआधीचं शिक्षण समान करणं ठीक. आल्यानंतर इथे घेतलेलं शिक्षण हा स्वतःच मुक्कामाचा परिणाम आहे. ते समान केलं की जे मोजायचं तेच पुसलं जातं. शिवाय नव्याने आलेल्यांच्या परदेशी शिक्षणाची माहिती प्रश्नावली पाठवून मिळवलेली असते, आणि सगळे उत्तर देत नाहीत. ‘शिक्षण: माहिती नाही’ या ओळी काढून टाकल्यात तर नेमके नवखे गळतात. त्यांचा वेगळा वर्ग ठेवा.

## पायरी ८: ताळा घ्या

तक्ता कुणालाही दाखवण्याआधी एवढं तपासा.

देशात जन्मलेल्या २० ते ६४ वयाच्यांचा दर काढा आणि एससीबीच्या जाहीर आकड्याशी लावून बघा. हा जुळत नसेल तर बाकीचा एकही आकडा वाचू नका, गडबड जोडणीत आहे.

प्रत्येक पायरीनंतर किती माणसं उरली ते लिहून ठेवा: सुरुवातीला इतकी, दत्तक वगळून इतकी, देशात नसलेली वगळून इतकी. एखाद्या गटातून अचानक मोठा हिस्सा गळला तर तिथे थांबा.

एका गटाचा दर लागोपाठ दोन वर्षांत पाच टक्के बिंदूंनी हलला तर आधी व्याख्या बदलली का बघा, मग गटात नवे किती आले ते बघा, अर्थव्यवस्थेकडे सर्वांत शेवटी.

आणि वीस-तीस कच्च्या ओळी डोळ्यांनी वाचा. प्रत्येक गटातल्या. माझी दत्तक बाळं कुठल्याही चाचणीत सापडली नसती.

## पायरी ९: तक्ता बाहेर काढताना आणि लिहिताना

मोनातून बाहेर जाणाऱ्या तक्त्यात फार थोडी माणसं असलेला खण असता कामा नये. लहान गट एकत्र करताना अर्थाने जवळचे करा, नकाशावर शेजारी म्हणून नको. एकत्र केल्यावर एकूण बेरजेतून वजाबाकी करून लपवलेला खण शोधता येतो का, हेही बघा. लोक हे विसरतात.

६० वरून ६६ झालं तर ते ‘६ टक्के बिंदूंनी’ वाढलं. ‘६ टक्क्यांनी’ नाही, ते १० टक्क्यांनी वाढलं. मराठी वर्तमानपत्रांत हे रोज चुकतं, आपण चुकवू नये.

तक्त्याखाली पायरी १ चं ते वाक्य जसंच्या तसं द्या, सगळे तुकडे भरून. ‘काम करत नाहीत’ असं कुणाबद्दल लिहिण्याआधी नोंदीला दिसतं तेवढंच लिहा: ‘स्वीडनमध्ये पगाराची नोंद नाही’. भट्टीपुढचा दुकानदार, रजेवरची नर्स, पूल ओलांडणारा माल्मोकर आणि पुण्याला परतलेला इंजिनिअर या चौघांनाही हे वाक्य लागू पडतं.